सरकलेली अरुंधती

२०६१ साली देवरुखला ऋजुताचं लग्न झालं. अंधार पडल्यावर दामलेगुरुजींनी बोट दाखवलं, "ती अरुंधती. दिसली म्हणा."

"दिसली," म्हणून ऋजुताने हात जोडले, तोच चांदणी सरकत माडामागे गेली. आकाशभर धावणाऱ्या हजारो उपग्रहांपैकीच तो एक होता.

"गुरुजी, अरुंधती निघाली की माहेरी," नवरदेव निहार म्हणाला.

ऋजुता हसली नाही. "मला खरी बघायचीय. आईने बघितली होती."

"बघू गं. दोघं मिळून बघू."

उपग्रहांच्या त्या झगमगाटात खरी अरुंधती कुणालाच सापडेना, म्हणून गुरुजींनी पुढे तो विधीच सोडला. निहार सत्तराव्या वर्षी वारला. त्यानंतर दोन वर्षांनी उपग्रह उतरवले गेले. त्या रात्री अंगणात ऋजुताला वसिष्ठाला खेटून बसलेली अरुंधती सापडली.

"दिसली रे," ती शेजारी वळून म्हणाली.