मागच्या खोलीचे माप

“टेपचं टोक कोपऱ्यात टेकवा, मावशी. हं. आता समोरच्या भिंतीपर्यंत चला.”

फोनच्या पडद्यावर आधी छत हलले, मग शिवणयंत्राची कड, मग मावशींचा अंगठा. “आकडा दिसेना रे. चष्मा कुठं ठेवला कुणास ठाऊक.”

“कपाळावर आहे.”

मावशी हसल्या, आणि हसता हसता टेप हातून सुटून सरसर गुंडाळली गेली. मागच्या खोलीचे माप त्या दिवशीही राहिले.

गृहकर्जासाठी अर्ज करणाऱ्यांची घरे पाहून येणे हे त्याचे काम. साथ येण्यापूर्वी तो दारोदार जाई, भिंतींवर बोटे वाजवी, ओल हुंगे. कुणी पाणी देई, कुणी संशयाने पाही. आता घरेच तळहाताएवढी होऊन त्याच्याकडे येत. मापे घेऊन तो अहवाल बँकेतल्या मॅडमना पाठवी. पुढचे सारे त्या बघत.

या शहरात त्याची बदली झाली आणि लगोलग साऱ्यांची दारे बंद झाली. भाड्याची खोली, एक खुर्ची, कोपऱ्यात अजून न उघडलेली बॅग. खिडकीतून समोरच्या इमारतीची बंद तावदाने दिसत. संध्याकाळी त्यांत उजेड येई, माणूस मात्र येत नसे.

मावशींना त्याने पहिल्यांदा फोन केला तेव्हा आवाज घोगरा, तुटक निघाला.

“घसा धरलाय का, साहेब?” त्यांनी विचारले.

“नाही. बोलायची सवय मोडलीय.” हे आपण का सांगितले, ते त्याचे त्यालाच कळले नाही.

मावशी क्षणभर पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुढच्या खोलीचे माप भराभर, बिनचूक घेऊन दाखवले. दाराच्या कडीला कात्री लटकत होती. “मालक खिळा ठोकू देत नाही,” त्या म्हणाल्या. “भोक भिंतीला पडतं, पण कळ त्याच्या काळजात जाते.”

त्या दोन खोल्यांत मावशींचे सारे आयुष्य भाड्याने गेले होते. आता मालक घर विकायला निघाला होता. महिनाअखेरीपर्यंत मावशींनी घेतले तर ठीक, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार होते. मावशींचे कर्ज त्याच्या अहवालावर अडले होते आणि अहवाल मागच्या खोलीवर.

पण ती खोली काही केल्या मापात येईना. एकदा दिवा गेला. एकदा फोनची बॅटरी संपली. एकदा त्यांनी टेप उलट्या टोकाने वाचली आणि खोली हत्ती बांधता येईल एवढी निघाली. उभा जन्म लोकांची मापे घेऊन कपडे बेतलेल्या बाईच्या हातून टेप उलटी वाचली जावी, याचा अर्थ त्याला उमगला. मावशी एकट्या होत्या. त्यांना कुणीतरी बोलायला हवे होते. त्याला त्यांची कणव आली. मग तो त्यांचा फोन मुद्दाम दिवसाच्या शेवटी ठेवू लागला, म्हणजे घाई करावी लागत नसे.

“काय जेवलास?” आताशा साहेब मागे पडून ‘अरे-तुरे’ आले होते.

“भात.”

“आणि?”

“मीठ.”

“मीठ कधीपासून भाजी झालं? ऊठ. फोन डब्याला टेकवून ठेव आणि कांदा चिरायला घे. मी बघतेय.”

तो कांदा चिरी. डोळ्यांत पाणी येई, आणि समोर कांदा असल्याने त्याचे कारण कुणी विचारत नसे, याचे बरे वाटे. चिरताना तो बोलत राही: गावच्या नदीबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल, कुणालाच न सांगितलेल्या भीतींबद्दल. टेप मावशींच्या मांडीवर तशीच गुंडाळलेली राही.

एके दिवशी त्यांच्यामागच्या भिंतीवर घड्याळ दिसले.

“नवीन घेतलंत?”

“जुनंच आहे. पेटीत पडून होतं बिचारं.”

घड्याळ पाहून त्याला मात्र महिनाअखेर आठवली. “मावशी, मालक थांबायचा नाही.”

“थांबेल रे.”

“घर गेलं तर कुठं जाल?”

“तुझ्याकडे. खुर्ची एकच आहे ना? माझी घेऊन येईन.”

त्याला हसता आले नाही. आपण त्यांच्यावर दया करत होतो की आपलीच तहान भागवत होतो, हा प्रश्न त्याला रात्रभर टोचत राहिला.

सकाळी त्याने अहवाल उघडला. ती खोली आता त्याला तोंडपाठ होती. डोळे मिटले तरी फरश्या मोजता आल्या असत्या. त्याने अंदाजाने माप भरले. नोकरीतले पहिले खोटे. ते पकडले गेले तर नोकरी जाणार होती, आणि नाही पकडले गेले तर मावशींचा फोन. अहवाल पाठवून त्याने मॅडमना फोन लावला.

“मागच्या खोलीचं माप मी मनानं भरलंय,” तो म्हणाला. “मला काय शिक्षा करायची ती करा. पण आजच मंजुरी द्या. मावशी रस्त्यावर येतील.”

पलीकडे मॅडमनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

“अरे, त्यांनी अर्ज पहिल्याच आठवड्यात मागे घेतला. बहिणीनं पैसे दिले. घर केव्हाच झालं त्यांचं.”

त्याच्या डोळ्यांसमोर घड्याळ आले. मग घड्याळामागचा खिळा.

“मी तुला सांगणारच होते,” मॅडम हळूच म्हणाल्या. “पण त्यांनीच गळ घातली. म्हणाल्या, पोराचा आवाज आत्ता कुठं मोकळा होतोय, तेवढी मागची खोली राहू दे.”