खुर्चीखालची बाटली

"ऐंशी साली बियरची बाटली नऊ रुपयांना मिळायची! आता नुसती लूट," पेठेसाहेबांनी दर शनिवारचं पुराण म्हाताऱ्या वेटरला, भिवाला, पुन्हा ऐकवलं.

भिवाला मनातून हसू आलं. नऊ काय नि तीनशे काय, यांनी खिशात कधी हात घातला होता? ज्याच्या खुर्चीखाली रिकामी बाटली, त्याच्या बिलात ती धरायची, हा या बारचा रिवाज. पेठे गप्पा मारता मारता आपल्या बाटल्या पायानं मित्राच्या, दातारांच्या, खुर्चीखाली सरकवायचे. भिडस्त दातार निमूट पैसे भरायचे.

आजही बियरच्या भावाचं रडगाणं गाताना पेठ्यांचा पाय सवयीनं हलला. बाटली शेजारच्या रिकाम्या खुर्चीखाली गडगडली.

भिवानं ती उचलून पेठ्यांच्या पुढ्यात ठेवली. "साहेब, परवाच दातारसाहेबांचं तेरावं झालं. बियरचा भाव तुम्हाला आता कळेल."