नापाचे सेल

"बत्ती विझली! आता कोणी उतरायचं नाही!" बुधाजींनी दोन्ही हात आडवे धरले आणि विहिरीच्या काठावरची माणसं मागे सरकली.

ज्योत्स्ना सरकली नाही. तिचा नवरा खाली होता. पंपाच्या पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला म्हणून नितेश विहिरीत उतरला होता. दोन हाकांना त्याने ओ दिली, तिसरीला नाही. उन्हाळाभर पत्र्यांनी झाकून ठेवलेली ती खोल विहीर. भर दुपारचं ऊनही तळाला पोचत नव्हतं. म्हणून तिचा दीर स्वप्निल याने दोरीला बॅटरी बांधून खाली सोडली. ती मिणमिणत होती, म्हणून वर ओढून त्याने घाईघाईत तिचे सेल बदलले आणि पुन्हा सोडली. मग असा लख्ख उजेड पडला की पाण्याशी, कडेच्या दगडावर पालथा पडलेला नितेश सगळ्यांना दिसला. आणि लगेच बत्ती गेली.

बुधाजींची सगळी हयात विहिरी खोदण्यात गेली होती. आधी दिवा खाली सोडायचा, तो विझला की पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं शास्त्र. ते शास्त्र गावात कुणी मोडलं नव्हतं. "खाली हवा खराब आहे, पोरी," ते म्हणाले. "पातूरहून बंबाची गाडी निघाली आहे. ते लोक नाकाले हवेच्या नळ्या लावून उतरतीन."

"तवपर्यंत हे राहतीन का?"

जो तो आपापल्या पायाकडे बघत राहिला. ज्योत्स्नाला त्या सगळ्यांचा संताप आला. नवरा तिचा मरत होता आणि ही माणसं एका बत्तीला भिऊन उभी होती.

तिने बॅटरी वर ओढली. हाताला चटका बसला. जळका वास आला. तिने अकोल्याला आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. गावातल्या निम्म्या मोटारी तिच्या हातच्या. तिने झाकण फिरवून सेल बाहेर काढले आणि बुडत्याला काडी सापडावी तसं तिला झालं.

"स्वप्निल, हे सेल कुठचे?"

"गोठ्यावरच्या सोलर लाइटातले. काहून? नाप तं बरोबर बसलं."

"नाप बसलं म्हणून काय झालं? मीठ अन् साखर सारखी दिसते म्हणून चहात मीठ टाकतं का कोणी? या बॅटरीले दोन सेल मिळून तीन व्होल्ट लागतात. हे दोन मिळून सहाच्या वर जातात. दिवा जळून गेला, बुधाजी! तो हवेनं नाही विझला!" तिने काळवंडलेला दिवा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "बॅटरीले श्वास लागते का?"

बुधाजींनी बॅटरी हातात घेतली, उलटीपालटी केली. "नाही लागत," ते हळूच म्हणाले. "पण थांब जराशी. स्वप्निलच्या बायकोले, वर्षालीले, कंदील आणाले पाठवलं आहे मी. तो सोडून पाहू."

थांबणं ज्योत्स्नाच्या जिवावर आलं होतं. तिने स्वप्निलकडे पाहिलं. त्याने केव्हाच दोर कमरेला गुंडाळला होता. फक्त कोणीतरी हो म्हणायची वाट बघत होता.

"उतर," ती म्हणाली.

चौघांनी दोर धरला. स्वप्निल भराभर खाली गेला. अंधारातून त्याचा आवाज घुमला, "वयनी, दादाचा हात सापडला!" ज्योत्स्ना रडता रडता हसायला लागली. काठावरची माणसंही पुढे सरकली. कोणीतरी म्हणालं, शिकलेली बाई घरात असावी ती अशी.

"बांध त्याले!" बुधाजी खाली वाकून ओरडले. "स्वप्निल!"

खालून ओ आली नाही. दोर एकाएकी जड झाला.

"ओढा! ओढा रे!"

चौघंही ओढू लागले. तेवढ्यात वर्षाली बांधावरून धावत आली. तिच्या हातात पेटता कंदील होता. सेलची गोष्ट तिला वाटेतच कोणीतरी सांगितली होती; नवरा खाली उतरल्याची कोणी सांगितली नव्हती. बुधाजींनी कंदील घेतला आणि दोराच्या बाजूने खाली सोडला. ज्योत स्वच्छ होती. तळाजवळ गेल्यावर ती बारीक झाली, थरथरली आणि विझली.

वर्षालीने तो काळोख पाहिला. मग तिने ज्योत्स्नाकडे वळून अगदी विश्वासाने विचारलं, "ताई, यात कोणते सेल चुकले?"