बाबा विमानात आहेत

पहिल्या थोबाडीत ती भिंतीवर आपटली. दुसरीत खाली पडली. मग नवऱ्याने कमरेचा पट्टा काढला. कारण काय, तर इस्त्रीच्या शर्टाला एक बटण नव्हतं.

“ओरड,” तो म्हणाला. “मोठ्याने ओरड. बापाला ऐकू जातंय का बघू.”

हा त्याचा ठरलेला विनोद. तो एका विमान कंपनीत उड्डाणांचे मार्ग आखायचा. इथल्या विमानतळापासून तिच्या माहेरच्या विमानतळापर्यंत साडेसहा हजार मैल, थेट विमानाने तेरा तास, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मुलगी इतक्या लांब चालली म्हणून तिची आई लग्नात रडली होती. जावई मात्र त्या अंतरावर बेहद्द खूश होता.

या वेळी तिचा दात तुटला. तिने बाथरूममध्ये शिरून कडी लावली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच फोनवर खरं सांगून टाकलं.  पलीकडून बाबा म्हणाले, “आज निघतो.”

ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, “बाबा येतायत.” नवऱ्याच्या पाचावर धारण बसली. सासरा सहा फुटी, निवृत्त पोलीस अधिकारी. लग्नात त्यांनी नुसता हात मिळवला, तर जावयाची बोटं दोन दिवस दुखत होती.

विमान उडालं आणि हा मेणाहून मऊ झाला. फडक्यात बर्फ गुंडाळून आणला, फरशीवरचं रक्त पुसलं, चहा केला, तोही साखर किती विचारून. फोनवरच्या नकाशात विमान समुद्रावरून सरकत होतं. “समोरून वारा आहे,” तो आशेने म्हणाला. “चौदा तासही लागतील.” तिला हसू आलं, पण फाटलेला ओठ दुखला. बाबा याला फोडून काढणार होते, आणि तिला ते डोळे भरून पाहायचं होतं. मग याच्या घरातून कायमचं निघायचं होतं.

बेल वाजली. नवरा कोपऱ्यात सरकला. तिने दार उघडलं आणि बाबांच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. बाबांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बंद झालेला डोळा, फाटका ओठ, दाताची खाच, सगळं सावकाश पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली. ते जावयाकडे वळले. त्याने आधीच डोळे मिटून घेतले होते.

“तोंडावर मारतात होय, जावईबापू?” बाबा म्हणाले. “हिच्या आईला मी तीस वर्षं मारतोय. हिला तरी कधी कळलं का?”