समोरची शाळा

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी सकाळी, न्यू ऑर्लिन्समधल्या आमच्या गल्लीत मिस ओडील ओसरीवर एकट्याच जपमाळ ओढत बसल्या होत्या. शहरातल्या चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर खासगी संस्था चालवतात त्या शाळांचा, दर्जा तपासणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी समोरच्या शाळेबद्दल विचारलं.

"सोन्यासारखी झालीय, बाळा. नापास शाळा म्हणायचे, तेव्हा गल्लीतलीच पोरं असायची. सुटली की सरबताचा बर्फ मागत माझ्या दारात. आता 'अ' श्रेणी मिळाली, तर माझ्या नातवाच्या वयाची पोरं साऱ्या शहरातून बस भरून येतात."

"मग नातवाची चंगळच की. रस्ता ओलांडला की वर्ग."

मिस ओडीलनी समोर पोरं उतरवणाऱ्या बसकडे पाहिलं.



"प्रवेशाच्या सोडतीत नंबर नाही लागला त्याचा. त्याला नदीपल्याडच्या शाळेत सोडून मगच ती बस इथं येते."