चार इंचांची हौस

"वहिनी, पिकअप गाडी रोज वापरायची आहे, दादाला ती दोनच इंच उंच करू दे," असं नणंदेने बजावलं होतं. "असू दे गं, हौस आहे त्याची," म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं. नवऱ्याने गॅरेजमधून गाडी चांगली चार इंच उंच करून घेतली. डोंगर चढायला सजलेली ती गाडी आता पाळणाघरासमोरचा गतिरोधक मोठ्या दिमाखात चढते.

"आईला हल्ली बाहेर पडायचाच कंटाळा," रविवारी तो उंच सीटवरून म्हणाला. बाळाची बाटली राहिली म्हणून ती घरात परतली.

सासूबाई कपाट धरून स्टुलावर चढायचा सराव करत होत्या. "पुढच्या रविवारी जमेल गं बहुतेक," त्या ओशाळून म्हणाल्या.

 

तुमच्या घरी हल्ली "तुम्ही जा, मी घरीच बरी" असं कोण म्हणतंय, बघा जरा.