खारी हीर

फौजेतून महिन्याच्या रजेवर बोरीला आलेला रायभान भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होता. लढाईत त्याची पलटण ज्या बेटावर होती, तिथल्या पोवळ्याच्या खडकांत बोटाएवढा निळा मासा राहतो, आणि ते एक बेट सोडलं तर तो साऱ्या दुनियेत कुठंच नाही.

मेंढरं पाण्यावर घेऊन निघालेली त्याची बायको कासाबाई थबकली. "दुसरीकडं न्हाई, हे कुनी सांगितलं?"

"आमच्या साहेबानं. किताबात लिवलंय."

"साहेब कदी निजामाच्या मुलखात आलता का? आपली हीर बघितली का त्यानं?"

रायभान पोट धरून हसला. "अगं, खाऱ्या पान्यातला मासा हाय त्यो!"

"मंग आपल्या हिरीचं पानी काय गोड हाय? मेंढरं बी नाक मुरडून पित्यात."

रायभानचं हसू थांबलं. लहानपणापासून तो त्या विहिरीत पोहला होता, पण तळाशी काय आहे हे बघायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. दुपारी ऊन थेट पाण्यात उतरलं, तेव्हा तो काठावर पालथा पडून आत डोकावत होता. कासाबाई येऊन शेजारी टेकली.

"दिसंना गं," तो मान न उचलता म्हणाला.

रजा संपत आली होती; दुसऱ्या दिवशी परभणीहून त्याची गाडी होती.

"एका दिसात कसा दिसंल?" कासाबाई हळूच म्हणाली. "रोज बघावं लागतंय."